अपुऱ्या शब्दाची ओळख

बँकेच्या वहीत ‘शि.’ लिहिले की शेजारी बसणारा सहकारी ‘शिल्लक’ असे समजतो. संगणकाला ते शिकवावे लागते. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेत हे कसे साधते, ते आपण पाहू.

समजा, हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये जमा, नावे, शिल्लक, शोधा, मदत आणि पुढे अशा आज्ञा आहेत. आज्ञा ओळखण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना, वापरतात. ‘मदत’साठी नमुना असा होईल :

^म(द(त)?)?$

^ म्हणजे सुरुवात, $ म्हणजे शेवट. ? च्या आधीचा कंस असला तरी चालेल, नसला तरी चालेल. म, मद, मदत हे तिन्ही जुळतात. ‘मत’ जुळत नाही. मात्र प्रत्येक आज्ञेसाठी असे कंस मोजत बसणे म्हणजे डोकेदुखीच.

त्यापेक्षा बाजू उलटवावी. एरवी नमुना आपला आणि मजकूर समोरच्याचा असतो. इथे समोरच्याने लिहिलेली अक्षरे हाच नमुना करायचा, त्याआधी ^ लावायचे आणि ग्रेप वापरून तो आज्ञांच्या यादीवर फिरवायचा. ^शि ला एकटी ‘शिल्लक’ सापडते. नुसत्या ‘श’ला ‘शोधा’ही सापडते, कारण संगणकात ‘शि’ हे एक अक्षर नसून आधी श आणि मग वेलांटी असते.

आता खाचखळगे. एंटर दाबल्यावर ओळीचा शेवटही शब्दाला चिकटून येतो. तो चॉम्पने काढला नाही तर काहीच जुळत नाही. दुसरी आपली टिंब देण्याची सवय. नमुन्यात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’! त्यामुळे ‘शि.’ योगायोगाने जुळते, पण पूर्ण लिहिलेले ‘नावे.’ जुळत नाही. कोणी चुकून एकटा ( टाइप केला तर प्रोग्रॅमच बंद पडतो. म्हणून शेवटचे टिंब आधी काढावे, मग क्वोटमेटाने उरलेल्या चिन्हांचा विशेष अर्थ घालवावा. रिकामी ओळ सर्वच आज्ञांशी जुळते, तेव्हा ती आधीच परतवावी.

खरा धोका निराळाच. आमच्या घरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ‘पु’ म्हणजे ‘पुढे’ हे बोटांत बसले होते. नंतर आम्ही ‘पुसा’ ही आज्ञा घातली, तीही यादीत आधी. प्रोग्रॅम पहिले जुळेल ते उचलत होता. पुढची नोंद पाहायला गेलो आणि समोरची नोंद पुसली गेली! ‘पु’ तोच होता, शेजारी बदलला होता.

तेव्हापासून जुळलेल्या आज्ञा आम्ही मोजतो. एक असेल तरच काम होते. अधिक असतील तर त्या दाखवून विचारतो. पर्लसोबत येणारा टेक्स्ट::अॅब्रेव्ह हा भागही संदिग्ध रूपे गाळूनच तक्ता बनवतो. ‘पुसा’ मात्र आम्ही यादीतूनच काढली आणि तिला ^पुसा$ असा स्वतंत्र, पूर्ण शब्दाचा नमुना दिला. त्यामुळे ‘पु’ पुन्हा ‘पुढे’कडे गेला.