आधी एक गेम चालू तर दे!

अगं, गेम बॉयसाठी गेम लिहायचा म्हणून एवढे टॅब उघडून बसलीस? बंद कर बघू. त्यातलं निम्मं आज लागणारच नाही.

खरं सांगू का, सुरुवातीला दोनच गोष्टी पुरतात: जीबीडीके-2020 आणि एक एम्युलेटर. तू सीमध्ये लिहिलेला कोड गेम बॉयवर चालेल असा करून देणं, हे जीबीडीकेचं काम. इन्स्टॉल करायची भानगड नाही, झिप उतरवायची आणि उघडायची. फोल्डर कुठे ठेवतेस तेवढं बघ. ‘माझे गेम’ असं मध्ये जागा सोडलेलं नाव नको, एकच शब्द ठेव. नाहीतर त्या रिकाम्या जागेवरून कंपायलर अडून बसतो आणि आपण कोड उपसत राहतो. एम्युलेटर म्हणून सेमबॉय घे. जुनं यंत्र विकत घ्यायची घाई अजिबात करू नकोस.

असेम्ब्ली यायलाच हवी का? आत्ता नको गं. पुढे असेम्ब्लीसाठी आरजीबीडीएस या साधनसंचाकडे वळशील, तेव्हा त्यातलं आरजीबीफिक्स चालवायचं लक्षात ठेव. गेम बॉय सुरू होताना कार्ट्रिजमधलं निन्टेन्डोचं बोधचिन्ह स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून बघतो. एक बाइट जरी चुकला, तरी तिथेच थांबतो. ते चिन्ह आणि हेडरची पडताळणीची बेरीज (चेकसम) आरजीबीफिक्स भरून देतं. जीबीडीके हे सगळं आपणहून करतं, म्हणून तर आधी तेच घे म्हणते.

एक सवय मात्र आजपासूनच लाव. 1989 चं यंत्र आहे ते. कामाची मेमरी अवघी 8 केबी, आणि प्रोसेसरला गुणाकाराची सूचनाच नाही. महिनाअखेरीच्या घरखर्चासारखं एकेक बाइट बघून वापरायचं. शंभराच्या आतला स्कोअर ठेवायला ‘इंट’ कशाला? ‘यूइंट8_टी’ घे, त्यात 0 ते 255 मावतात. पण शून्यातून एक वजा केलास की थेट 255 होतात हं! खेळाडूचे जीव संपायच्या ऐवजी एकदम वाढलेले दिसले, तर आधी तिथेच बघ.

आता जीबीडीकेसोबत आलेलं एखादं छोटं उदाहरण घे आणि एक अक्षरही न बदलता कंपाइल कर. ते एम्युलेटरमध्ये दिसलं, की तुझी मांडामांड बरोबर झाली. मग चित्र बदल, वेग बदल, हवं ते कर. आणि स्क्रीनभर एरर आल्या तर घाबरू नकोस. अगदी वरची पहिली एरर तेवढी वाच आणि दुरुस्त कर. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.