शेताची कड आणि उच्च गणिताचा अभ्यास

गणितात गती असलेल्या मुलाने अथवा मुलीने पदवी घेतल्यावर पुढे काय करावे, हा प्रश्न आमच्या भिवंडीतील पुष्कळ घरांत निघतो. सुताचा भाव, मागाचे उत्पन्न व मजुरीची बेरीज एवढे गणित धंद्यास पुरते. बेरजा तर आता यंत्रेही करतात. मग आणखी दोन वर्षे विद्यापीठात घालवून हाती काय येणार, असे पालक विचारतात. शंका रास्त आहे. तिचे उत्तर कोरड्या उपदेशाने न देता एका उदाहरणाने द्यावे, असे आम्ही योजिले आहे. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. लागणारे गणित शाळेतलेच आहे.

आपल्या तालुक्यात भाताची शेती आहे. यंदा एकंदर भात किती पिकले हे जाणावयाचे, तर प्रत्येक खाचर कापून तोलणे अशक्य. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही शेते निवडावयाची, प्रत्येकात दोरीने एक चौरस आखावयाचा, तेवढेच पीक कापून, झोडून तोलावयाचे आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधावयाचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आता चौरस केवढा घ्यावा? लहान घेतला तर श्रम व खर्च वाचतो; मग लहानच का घेऊ नये?

मेख येथेच आहे. दोरीखाली येणारी रोपे आत धरावी की बाहेर? कापणाऱ्याचा हात ती सहज आत ओढतो. समजा, अशा रीतीने चारही बाजूंस तीन-तीन इंच पीक जास्त कापले गेले. चौरसाची बाजू 5 फूट असेल, तर क्षेत्र 25 चौरस फूट हवे. प्रत्यक्षात साडेपाच फूट बाजूचा चौरस, म्हणजे 30.25 चौरस फूट कापले गेले. आकडा शेकडा 21 ने फुगला! तीच चूक 20 फूट बाजूच्या चौरसात झाली, तर 400 ऐवजी 420.25, म्हणजे वाढ शेकडा 5 हून किंचित अधिक. आणि 50 फूट बाजूच्या चौरसात केवळ शेकडा 2. कड बाजूच्या प्रमाणात वाढते, क्षेत्र बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून लहान चौरसात कडेचा वाटा मोठा.

कोणी म्हणेल, लहान चौरस पुष्कळ घ्यावे, म्हणजे चुका एकमेकींस खोडून काढतील. कधी कमी तर कधी जास्त अशा चुका सरासरीत जिरतात, हे खरे. परंतु सर्व चुका एकाच बाजूस कलत असतील, तर हजार चौरस घेतले काय आणि लाख घेतले काय, सूज तशीच राहते. आखूड गजाने एक ठाण मोजा किंवा दहा हजार ठाणे मोजा, गज आखूडच! उलट मापांचा मोठा ढीग पाहून चुकीच्या आकड्यावरचा आपला भरवसा मात्र वाढतो.

हा दोष दाखवून देणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 साली त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून 1932 साली पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले व 1936 साली पीएच.डी. झाले. पुढे कृषिसंशोधन परिषदेत काम करताना त्यांनी निरनिराळ्या आकारांचे तुकडे शेतांत प्रत्यक्ष कापविले आणि लहान तुकड्यांनी पीक फुगून दिसते, हे 1946-47 च्या सुमारास लेखांतून मांडले. लहान तुकड्यांची पद्धत बंगालमध्ये प्रा. महालनोबिस यांनी चालविली होती. तेव्हा दोघांत वाद झाला. तो वाद केवळ पंडिती नव्हता. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली होती. कोठारात नसलेले धान्य कागदावर दिसले, तर बाहेरून धान्य आणण्यास उशीर होतो, आणि त्या उशिराची किंमत गरीब माणूस भरतो. सुखात्मे 1951 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि तेथे संख्याशास्त्राच्या कामाचे प्रमुख झाले.

या एका उदाहरणात उच्च अभ्यासाच्या तीनही शाखा दिसतात. कडेचा व क्षेत्राचा संबंध कोणत्याही आकृतीस लागू पडेल असा सिद्ध करणे, हे गणित. शेते पक्षपाताविना कशी निवडावी आणि चूक कोणत्या बाजूस व किती कलते, हे ठरविणे संख्याशास्त्र. असंख्य काल्पनिक शेते संगणकावर रचून एखादी पद्धत कोठे फसते हे आधीच पाहणे, हे संगणकीय शास्त्र. यंत्र बेरीज करील. गज आखूड आहे हे ते आपण होऊन सांगणार नाही.

सुखात्म्यांस या विद्येसाठी लंडन गाठावे लागले. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला शिकून आले आणि 1953 पासून त्यांनी पुणे विद्यापीठात या विषयाचे अध्यापन उभे केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक 1960 साली चालू झाला. आज भिवंडीच्या मुलांस समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठात व पुण्यास गणित आणि संख्याशास्त्र यांचे एम.एस्सी.चे वर्ग आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी जावयाचे, तर जॅम नावाची संयुक्त परीक्षा द्यावी लागते. तीत गणिताचा व गणिती संख्याशास्त्राचा असे स्वतंत्र पेपर असतात. पुढे संशोधनास विद्यावेतनही मिळू शकते.

पालकांस आमची एवढीच विनंती, की मुलगा वा मुलगी भराभर गुणाकार करते की नाही यावरून निवाडा करू नये. उत्तर आल्यावरही ‘हे असेच का?’ असे जे मूल विचारीत बसते, त्यास ही वाट मोकळी ठेवावी. आणि विद्यार्थ्यांनो, चौरसाऐवजी 2 फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले व त्रिज्या तीन इंच वाढली, तर पीक शेकडा कितीने फुगेल? उत्तर काढून गुरुजींस दाखवा. मग 20 फूट त्रिज्या घेऊन पुन्हा पाहा.