पांधणीच्या तोंडाशी टायरची पकड

टायर रस्त्याला धरून राहतो तो घर्षणामुळे. चाकावर जेवढा भार असतो, त्याच्या कितव्या हिश्शाइतकी ओढ चाक न घसरता सोसेल, हे घर्षणगुणांक सांगतो. चांगल्या कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७ ते ०.८ असतो, ओल्या डांबरावर ०.४ ते ०.५. टायर गोटा झाला असेल तर त्याहून कमी. डांबरावर ओल्या मातीचा थर बसला असेल, तर ०.२ च्या वर धरूच नये.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ०.७ च्या पकडीवर ब्रेक लागल्यापासून सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. ०.४ ला २५ मीटर लागतात आणि ०.२ ला ४९. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तरी आणखी १४ मीटर त्यात पडतात.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात ही ०.२ ची जागा ठरलेली असते. पांधण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथे पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती वर येते. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि डांबरावर वंगणासारखी पसरते. उन्हात तिची ढेपळे दिसतात. सर पडून गेली की माती आणि डांबर एकाच रंगाचे होतात. मृगाच्या पहिल्या सरीत तर माती नसली तरी घात होतो, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल वाहून जाईपर्यंत रस्ता बुळबुळीत राहतो.

आष्टीहून तळेगावकडे महामार्ग गाठायला निघालेल्या दुचाकीस्वाराची गाडी स्लीप होते, ती बहुधा अशाच जागी. समोर बंडी वळताना दिसते, पुढचा ब्रेक जोरात दाबला जातो आणि पुढचे चाक जाम होते. जाम झालेल्या चाकाला दिशा राहत नाही. हँडल हलके लागते न लागते तोच गाडी आडवी झालेली असते. आपटलेल्या माणसाला नंतर एकच गोष्ट पक्की आठवते: रस्ता ओला दिसत होता, पण निसरडा वाटला नव्हता. डोळ्यांचा अंदाज इथेच चुकतो, म्हणून पकड मोजून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

त्यासाठी चारचाकी, सरळ रिकामा रस्ता आणि मागे कोणी नसल्याची खात्री हवी. ताशी ३० चा वेग धरून ठरलेल्या खुणेशी पूर्ण ब्रेक मारावा आणि खुणेपासूनचे अंतर पावलांनी मोजावे. वेगाच्या वर्गाला २५४ ने आणि मग मीटरमधल्या अंतराने भागले की गुणांक मिळतो. ५ मीटरमध्ये थांबली तर ०.७, ९ मीटर लागले तर ०.४ च्या आत. दुचाकीवर आणि चिखलावर ही चाचणी मुळीच करू नये. तिथे उतरून चप्पल घासून पाहिली तरी पुरेसा अंदाज येतो.

रस्ते आखणारेही कोरड्या डांबराचा आकडा धरत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात ब्रेकसाठी ०.३५ ते ०.४० आणि वळणावर बाजूच्या पकडीसाठी अवघा ०.१५ धरला जातो; चालकाला भान येऊन ब्रेक लागायला अडीच सेकंद दिले जातात. त्यामुळे ताशी ५० ला समोरचे सुमारे ६० मीटर दिसलेच पाहिजेत, असा दंडक आहे. वळणावर पकडीचा काही भाग गाडी वळवण्यातच खर्ची पडतो, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारावा.

संत्र्यांनी भरलेली गाडी रस्त्याला जास्त धरून राहते, हा समज मात्र सोडावा. भार वाढला की पकड वाढते, पण थांबवायचे वजनही तेवढेच वाढते. शिवाय ब्रेक तापतात. उलट रिकाम्या पिकअपची मागची चाके हलकी असल्याने लवकर जाम होतात. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे हँडल ताब्यात राहते. रस्त्याची पकड त्याने वाढत नाही. चारचाकीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बदलणे कायद्याने बंधनकारक आहे, पण पावसाळ्यापुरते बोलायचे तर तिथवर थांबणेही उशिराचेच. पांधणीतून वर येण्यापूर्वी ट्रॅक्टरवाल्याने चाकांची माती फावड्याने खरवडली, तर मागून येणाऱ्याला डांबर डांबरासारखे मिळते.