आवडत्या बँडचा पहिला कार्यक्रम आणि आपले कान

बारावी झालेली, कॉलेजात शिकणारी मुले हल्ली एक प्रश्न विचारतात. 'अमुक बँड मुंबईला येतोय, आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकणार आहे. काही काळजी घ्यावी लागते का?' पालकांचा प्रश्न वेगळा असतो, 'त्या आवाजाने मुलगा बहिरा तर होणार नाही ना?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेत आहोत.

आयर्न मेडन २००७ च्या मार्चमध्ये बंगळूरला आले. यू-टू १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेले. त्याच स्टेडियममध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. गोंदिया, आमगाव, तिरोड्याच्या मुलाला तिकीट मिळालेच, तर विदर्भ एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास आणि पुढे कित्येक तास उभे राहणे आलेच. वर्षानुवर्षे कॅसेटवर, मग मोबाईलवर ऐकलेले गाणे समोर वाजू लागते, ढोलाचा ठोका छातीत जाणवतो, हजारो लोक एका सुरात गातात. हा आनंद खरा आहे आणि तो मुलांना जरूर मिळावा. फक्त तो मिळवताना कान गमावू नयेत.

कानात काय घडते?

आवाजाच्या लहरी पडद्यावर आदळतात, तीन चिमुकल्या हाडांमधून अंतर्कर्णात पोचतात. तिथे गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक कानामागे सुमारे १५ हजार केसपेशी असतात. लहरींनी या पेशींवरचे सूक्ष्म केस डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वारा सुटला की धानाचे लोंबीदार पीक वाकते आणि वारा थांबला की पुन्हा उभे राहते, तसेच हे केस. पण वादळ फार वेळ चालले तर पीक आडवे होते. धान पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते, केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मोठ्या कार्यक्रमानंतर कान बंद झाल्यासारखे वाटतात, 'कुईंऽऽ' असा आवाज येत राहतो. याला कर्णनाद म्हणतात. बहुधा एक-दोन दिवसांत तो थांबतो आणि आपण म्हणतो, 'बरे झाले.' परंतु असे पुन:पुन्हा घडले तर हानी कायमची होते. सुरुवात उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. स, श, थ, फ ही अक्षरे निसटू लागतात. समोरचा बोलतो ते ऐकू येते, पण शब्द कळत नाही.

किती आवाज, किती वेळ?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास, ही कामगारांसाठी सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे.

रॉक कार्यक्रमात १०० डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. अडीच तासांचा कार्यक्रम म्हणजे १५० मिनिटे, अर्थात दिवसाच्या मर्यादेच्या दहापट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. जिथे आवाज ती मर्यादा पाळतो, तिथेही कानांच्या संरक्षणाची सोय हवी, असे त्यांचेच म्हणणे आहे.

डेसिबल मोजायचे यंत्र जवळ नसले तरी हरकत नाही. हातभर अंतरावरच्या मित्राशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या पातळीवर आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट. कान आवाजाचा हिशेब जोडून ठेवतो. दिवसभर राईस मिलमध्ये काम, लग्नाच्या वरातीत डीजेसमोर नाच, रोज इअरफोन आणि वर हा कार्यक्रम, सगळे एकाच खात्यात जमा होते.

खुद्द वादकांचे काय?

द हू या बँडचे पीट टाउनशेंड यांनी आपली श्रवणशक्ती गेल्याचे उघडपणे सांगितले आहे. एसी-डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने दौरा अर्धवट सोडावा लागला. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन अनेक वर्षे कर्णनाद सोसतो आहे आणि कानात संरक्षण घालूनच गातो. गाणाराच कान झाकून घेत असेल, तर ऐकणाऱ्याने लाजण्याचे कारण काय?

उपाय सोपा आहे

स्पंजाचे इअरप्लग औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. नीट बसले तर १५ ते ३० डेसिबल आवाज कमी होतो. १०० चे ८५ झाले की अडीच तास निर्धास्त. गाणे बंद होत नाही, फक्त हळू होते.

घालण्याची रीत : हात धुवा. प्लग बोटांत गोल फिरवून बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर व मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. घरी दोन-तीन वेळा सराव करावा. कापसाचा बोळा मात्र उपयोगाचा नाही, त्याने फारच थोडा आवाज अडतो.

भोंग्यांच्या अगदी पुढे उभे राहू नये. तासाभराने दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या बाजूला जाऊन कानांना विसावा द्यावा. परतीच्या गाडीत इअरफोन नकोच. लहान मुलांना कानांच्या संरक्षणाशिवाय नेऊच नये.

गर्दी आणि भोवळ

३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत सिनसिनाटी येथे द हूच्या कार्यक्रमाआधी दारापाशी चेंगराचेंगरी होऊन ११ जण दगावले. अशा वेळी मृत्यू बहुधा तुडवले जाऊन होत नाही, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतो. चारी बाजूंनी अंगाला माणसे लागू लागली, की तिथून निघायची वेळ झाली असे समजा. हात छातीसमोर धरा, श्वासाला जागा ठेवा, लोंढ्याला आडवे न जाता तिरके सरकत कडेला या. पडलेला मोबाईल उचलायला वाकू नका.

उपाशीपोटी, पाणी न पिता तासन् तास उभे राहिल्यास भोवळ येते. निघण्यापूर्वी पोटभर जेवा, अधूनमधून पाणी प्या. कोणी कोसळल्यास मोकळ्या जागी आडवे करून पाय उंच धरा. फिट येणाऱ्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी औषध व खाणे जवळ ठेवावे.

डॉक्टरकडे केव्हा?

कर्णनाद किंवा कान बंद वाटणे दोन दिवसांत थांबले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे. या आजारात पहिल्या काही दिवसांतले उपचारच कामी येतात. 'मळ असेल' म्हणून तेल घालत बसू नये. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान तपासून घेता येतो.

पालकांना एकच विनंती. मुलाला जाऊ नको म्हणण्यापेक्षा त्याच्या पिशवीत तिकिटाशेजारी इअरप्लगची एक जोडी ठेवा. आवडते गाणे त्याला साठाव्या वर्षीही ऐकायचे आहे.