चित्रवहीचे पहिले पान

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• चित्रवही म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• निरीक्षण आणि नोंद यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• अल्प साहित्यात स्वतःची चित्रवही सुरू करता येईल.

मूळ पाठ

१. चित्रवही म्हणजे काय?

दिवसभरात घडलेल्या गोष्टींची शब्दांत ठेवलेली नोंद म्हणजे रोजनिशी. तीच नोंद चित्र आणि शब्द या दोहोंनी ठेवली, की तिची चित्रवही होते. चित्रवहीचे पान भिंतीवर लावण्यासाठी नसते, की प्रदर्शनात मांडण्यासाठीही नसते. पाहिलेली वस्तू विस्मरणात जाऊ नये आणि पाहताना ती अधिक नीट दिसावी, एवढाच तिचा हेतू असतो.

तरीही चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या प्रौढ व्यक्तीला कोऱ्या पानासमोर संकोच वाटतो. ‘तुला चित्र येत नाही’ असे लहानपणी कोणीतरी म्हटलेले असते आणि ते एक वाक्य वर्षानुवर्षे हात धरून ठेवते. लहान मूल चार रेघा ओढून ‘हा घोडा’ असे निःशंकपणे सांगते. मोठे माणूस मात्र स्वतःच्या रेघेला स्वतःच हसते आणि वही मिटून ठेवते. चित्र सुंदर असलेच पाहिजे, ही समजूत या संकोचाच्या मुळाशी आहे. ती कितपत खरी आहे, हे तंजावरच्या एका जुन्या संग्रहावरून पाहता येते.

२. तंजावरची नोंदपत्रे

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी कावेरीकाठच्या तंजावर येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. ही राजवट १८५५ पर्यंत टिकली. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे विद्येचे मोठे उपासक होते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट केली, अनेक भाषांतील ग्रंथ जमविले आणि वनस्पती, पशू व पक्षी यांची चित्रे काढवून घेतली.

या ग्रंथालयात नेत्ररुग्णांची नोंदपत्रे जतन केलेली आहेत. रुग्णाचा आजार आणि त्यावर केलेले उपचार यांची माहिती त्यांत लिहिलेली आहे. काही नोंदींबरोबर त्या रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. येथे चित्रकाराला डोळा सुंदर करावयाचा नव्हता. बाहुलीवर पडदा आला असेल, तर तो पडदा दाखवावयाचा होता. पापणी सुजली असेल, तर ती सूज दाखवावयाची होती. डोळा कमळासारखा काढला असता, तर वैद्याला त्या चित्राचा काडीचाही उपयोग झाला नसता.

या नोंदपत्रांतून नवशिक्याने घ्यावयाचा बोध असा, की जे दिसते ते जसेच्या तसे टिपणे हे चित्राचे एक स्वतंत्र आणि मोलाचे काम आहे. शब्द सांगू शकत नाहीत ते चित्र दाखविते. चित्र दाखवू शकत नाही ते शब्द सांगतात.

३. लोटलीच्या मुलाची वही

दुसरे उदाहरण गोव्यातील लोटली गावचे. विख्यात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. त्यांच्या आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली. त्या वहीची त्यांनी रोजनिशी केली आणि गावातील माणसे, सण-समारंभ व रोजचे प्रसंग तिच्यात चित्रांनी नोंदविले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. नित्य पाहणे आणि नित्य काढणे हेच त्यांचे शिक्षण ठरले. त्यांच्या १९४९ ते १९५१ या वर्षांच्या चित्ररोजनिशा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. वही भरत असताना मात्र ती केवळ एका तरुणाची खाजगी वही होती.

४. पापनाशममधील एक आठवडा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान पापनाशम हे लहानसे गाव आहे. तंजावर परिसरात आजही मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. अशा एखाद्या कुटुंबातील गृहिणीने पापनाशम येथे चित्रवही सुरू करावयाचे ठरविले, तर तिचा पहिला आठवडा कसा जाईल?

साहित्य फार लागत नाही. जाड कागदाची, हातात मावेल अशी एक वही, एक एचबी व एक २बी पेन्सिल आणि जलरंगांची लहान पेटी पुरेशी आहे. खोडरबर शक्यतो घरीच ठेवावा. चुकलेली रेघ न खोडता तिच्या शेजारी दुसरी ओढावी. दोन्ही रेघा दिसल्या, म्हणजे नजर कोठे फसली ते कळते.

पहिल्या पानाची भीती घालविण्यासाठी त्यावर चित्र काढूच नये. पेटीतील प्रत्येक रंगाचा एक एक ठिपका देऊन खाली त्याचे नाव लिहावे. पान भरते आणि हातही मोकळा होतो.

दुसऱ्या दिवशी दारापुढचा कोलम वहीत उतरवावा. तमिळनाडूत रांगोळीला कोलम म्हणतात. ठिपके समान अंतरावर मांडून त्यांभोवती रेषा वळविणारी स्त्री प्रमाण आणि अंतर यांचा अभ्यास रोजच करीत असते. शिंप्याला कापडाचा, सुताराला लाकडाचा अंदाज असतो, तसाच हा तिचा अंदाज असतो. प्रौढ नवशिका रिकाम्या हातांनी चित्रकलेकडे येत नाही. त्याच्या कामाने त्याची नजर आधीच घडविलेली असते.

तिसऱ्या दिवशी घरातील एक वस्तू घ्यावी: पितळी तांब्या, विळी किंवा कंदील. दहा मिनिटे नेमून घ्यावीत. वस्तूकडे अधिक आणि कागदाकडे कमी पाहावे.

चौथ्या दिवशी गावाला लागून असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिरात जावे. तेथे नायक राजांच्या काळात बांधलेले विटांचे प्रचंड धान्याचे कोठार आहे. एवढी मोठी वास्तू लहान पानावर कशी बसवावी? हात सरळ ताणून पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटून कोठाराची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने मोजावी, मग पेन्सिल आडवी करून ती रुंदीशी ताडून पाहावी. हे प्रमाण कागदावर आले, की विटा न काढताही कोठार ओळखू येते.

पाचव्या व सहाव्या दिवशी गावाजवळून वाहणारी कुडमुरुट्टी नदी आणि भाताचे एखादे शेत पाहावे. कावेरीच्या खोऱ्यात कुरुवै हे अल्पमुदतीचे आणि सांबा हे दीर्घमुदतीचे भातपीक घेतात. एकाच बांधावर उभे राहून तेच शेत दर महिन्याला काढले, तर रोपांचा पोपटी, भरल्या पिकाचा गडद हिरवा आणि कापणीच्या वेळचा सोनेरी हे रंग ओळीने वहीत येतात. एका चित्रातून हा बदल कळत नाही. तो वहीतूनच कळतो.

सातव्या दिवशी काहीही नवे काढू नये. मागची पाने चाळावीत आणि जे राहून गेले ते शब्दांत लिहावे: ‘कोठाराच्या सावलीत गारवा होता’, ‘नदीला पाणी कमी होते’.

५. काही पथ्ये

प्रत्येक पानावर दिनांक, वेळ आणि स्थळ लिहावे. नोंदीला दिनांक नसेल, तर पुढे ती कोणत्या काळाची, हे कळत नाही. अनोळखी व्यक्तीचे चित्र काढण्यापूर्वी तिची अनुमती घ्यावी. देवस्थानांत तेथील नियम पाळावेत. आपल्या पानाची तुलना दुसऱ्याच्या पानाशी न करता स्वतःच्याच मागील महिन्याच्या पानाशी करावी.

गावे बदलतात. कौलारू घर पाडले जाते, विहीर बुजते, झाड तोडले जाते. ज्याने ते दिनांकासह वहीत टिपले असेल, त्याच्यापाशी ते राहते. मग ती रेघ थोडी वाकडी असली, तरी चालते.

शब्दार्थ

निःशंकपणे – मनात शंका न ठेवता
कोठार – धान्य साठविण्याची जागा
प्रमाण – दोन मापांतील परस्परसंबंध
पथ्य – पाळावयाचा नियम

स्वाध्याय

१. नेत्ररुग्णांच्या नोंदपत्रांतील चित्रांचे मोल कशात आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ‘प्रौढ नवशिका रिकाम्या हातांनी चित्रकलेकडे येत नाही’ या विधानाचा अर्थ तुमच्या कामातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. खोडरबर वापरू नये, असे पाठात का सांगितले आहे?
४. उपक्रम : तुमच्या घराजवळील एकच झाड सलग चार आठवडे, दर रविवारी त्याच जागी बसून काढा. प्रत्येक चित्राखाली दिनांक, वेळ आणि दोन वाक्ये लिहा. चौथ्या आठवड्यात चारही पाने शेजारी ठेवून, तुम्हांला आधी न दिसलेली कोणती गोष्ट नंतर दिसली, ते नोंदवा.