चढाईपटूचा गुडघा

पावसाळा सरला, कांद्याच्या लागणी आटोपत आल्या की आपल्याकडे संध्याकाळी मैदाने आखली जातात. अवसरी बुद्रुक काय, निरगुडसर काय, पारगाव काय, फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या की कबड्डीचा हंगाम आला असे समजावे. पुढे गावोगावच्या यात्रा येतात आणि त्यांच्याबरोबर निमंत्रित संघांच्या स्पर्धा. या दिवसांत दवाखान्यात खोकल्या-पडशाच्या जोडीने एक निराळा रुग्णवर्ग दिसू लागतो. वय अठरा ते पंचवीस, अंगाने धडधाकट, एका पायाने लंगडत आलेला. तक्रार बहुधा एकच असते, ‘डॉक्टर, गुडघ्यात काहीतरी कट्‌ झालं.’

या मुलांपैकी बरेच जण चढाईपटू असतात, आणि त्यांतलाही एक ठराविक वर्ग मला काळजीचा वाटतो. आपल्या गावाच्या संघातून नाव झाले की अशा मुलाला शेजारच्या गावचे बोलावणे येते. आज मंचर, परवा नारायणगाव, पुढच्या आठवड्यात शिरूर. जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि वर काही रक्कम ठरते. सामना संपला की तो संघ वेगळा, हा वेगळा. यात गैर काही नाही. जगभर खेळाडू असेच जगतात. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंचा असा एक मोठा वर्गच आहे. ते फारसे प्रसिद्ध नसतात, पण वर्ष-दोन वर्षांनी क्लब बदलत पोट भरतात. त्यांतला जेमी क्युरेटन हा १९७५ साली जन्मलेला खेळाडू. नॉर्विच, ब्रिस्टल रोव्हर्स, रीडिंग, मध्येच दक्षिण कोरियातले बुसान, मग पुन्हा इंग्लंडातले कितीतरी क्लब, असा त्याचा प्रवास. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, २००६-०७ च्या हंगामात, कोलचेस्टरकडून २३ गोल करून तो दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत पहिला आला. चाळिशी ओलांडल्यावरही तो लहान क्लबांतून खेळत होता.

आपल्याकडे २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हीच रीत कबड्डीत आली. सांगली जिल्ह्यातला काशिलिंग आडके दिल्लीकडून, मग मुंबईकडून, मग बंगळुरूकडून खेळला. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून आला, पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेच्या वर गुण मिळवले आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. तिथल्या पहिल्या हंगामातही त्याने दोनशेचा आकडा ओलांडला. त्यानंतरचा हंगाम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि पहिल्या काही सामन्यांतच खांद्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले. पुढे तो परत आला आणि हरियाणा, दिल्ली अशा संघांतून खेळला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की दुखापत झाल्यावर त्याला तपासायला संघाचे डॉक्टर होते, फिजिओथेरपिस्ट होते. यात्रेच्या मैदानावर रात्री अकरा वाजता जायबंदी झालेल्या आपल्या मुलाजवळ काय असते? एक बर्फाचा खडा आणि भोवती गोळा झालेले पंचवीस सल्लागार.

म्हणून आज गुडघ्याची थोडी माहिती घेऊ.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे मिळतात तिथे खोलगट खोबण नाही. एक गोल टोक जवळजवळ सपाट बैठकीवर टेकलेले आहे. ते घसरू नये म्हणून आत दोन मजबूत दोर फुलीसारखे एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. डॉक्टर ज्याला ‘लिगामेंट’ म्हणतात ते हेच. त्यांतला पुढचा दोर, म्हणजे एसीएल, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला भलतीकडे पिळू देत नाही. शिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. अंगाचा भार त्या झेलतात.

आता चढाईपटू काय करतो ते पाहा. तीस सेकंदांची चढाई. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. तो धावत जातो, एका पायावर थांबतो, दुसरा पाय बोनससाठी लांबवतो आणि त्याच क्षणी अंग वळवून मागे फिरतो. सगळे वजन टेकलेल्या पायावर, पाऊल जमिनीला चिकटलेले आणि वर अंग फिरलेले. अशा वेळी गुडघा आत झुकला की पुढचा दोर तुटू शकतो, कोणाचा धक्काही लागावा लागत नाही. त्यात कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरला किंवा बाजूने कोणी गुडघ्यावर पडले, तर पाहायलाच नको. मातीचे मैदान पाऊल थोडे सरकू देते. मॅटवर रबरी तळाचा बूट घट्ट धरतो आणि वळण्याचा सगळा ताण गुडघ्यावर येतो. मातीवर वाढलेल्या मुलाने मॅटवर एकदम पूर्ण जोमाने खेळू नये, आठवडा-दोन आठवडे सराव करून मग उतरावे, हे त्याचसाठी.

दोर तुटताना बऱ्याच जणांना आत ‘कट्‌’ किंवा ‘टक्‌’ असा आवाज जाणवतो. दोन-तीन तासांत गुडघा टरारून सुजतो, कारण सांध्यात रक्त साचते. (दुसऱ्या दिवशी सावकाश आलेली सूज बहुधा इतकी गंभीर नसते. म्हणून सूज किती वेळात आली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.) यापुढची गोष्ट फसवी आहे. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, दुखणे थांबते, मुलगा सरळ चालू लागतो. शेतात पाणी धरतो, मोटारसायकल चालवतो. घरच्यांना वाटते बरे झाले. तुटलेला दोर मात्र आपोआप नीट जुळून येईल असा भरवसा धरता येत नाही. सरळ चालायला त्याची फारशी गरज लागत नाही, म्हणून उणीव कळत नाही. ती कळते पुन्हा मैदानात वळताना. गुडघा एकदम निसटल्यासारखा होतो. मुले म्हणतात, ‘गुडघा दगा देतो.’ हे वाक्य कानावर आले की समजावे, सूज नसली तरी तपासणी राहिलेली आहे.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोर दिसत नाही. ‘फोटो काढला, नॉर्मल आला’ यावर समाधान मानणारे कितीतरी भेटतात. हाड मोडलेले नाही एवढेच त्यावरून कळते. अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञाला हाताने तपासून बराचसा अंदाज येतो आणि खात्रीसाठी एमआरआय करतात. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावे, तिथून गरज असेल तर पुण्याला ससूनसारख्या ठिकाणी जावे. खर्चाची धास्ती वाटत असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे आधी विचारून घ्यावे.

मैदानावर त्या क्षणी काय करावे? खेळ थांबवावा. गुडघा सुजत असेल किंवा पायावर भार देता येत नसेल तर दोघांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर यावे. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दोन-तीन तासांनी पुन्हा. इलॅस्टिकची पट्टी बेताची घट्ट बांधावी. बोटे बधिर किंवा निळसर झाली तर लगेच सैल करावी. पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, तेल लावून चोळणे नको, दारू तर मुळीच नको. या तिन्हींनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. हाडवैद्याकडे जाऊन गुडघा ‘बसवून’ घेण्याची आपल्याकडे मोठी चाल आहे. त्यांच्या हातगुणाबद्दल मी वाद घालणार नाही, पण जे सरकलेले नसून तुटलेले आहे ते बसवणार कसे? झटका दिला तर आतली गादी मात्र फाटू शकते.

खरे नुकसान बहुतेक वेळा पहिल्या दुखापतीने होत नाही. ते त्यानंतर खेळलेल्या सामन्यांनी होते. दोर नसलेला गुडघा प्रत्येक वेळी निसटला की मधली गादी चिमटते आणि हळूहळू फाटते. गादी गेली की हाडावरचे गुळगुळीत आवरण झिजते आणि तिशी-पस्तिशीत साठीचा गुडघा मिळतो. इथे बाहेरून बोलावलेल्या खेळाडूची अडचण मला स्पष्ट दिसते. गावाच्या संघात प्रशिक्षक किंवा थोरला भाऊ म्हणतो, ‘या वर्षी राहू दे.’ जो संघ एका रात्रीसाठी बोलावतो त्याने तसे म्हणायचे कारणच काय? त्याला त्या रात्रीचे गुण हवे असतात. मग दुखणे दाबणारे इंजेक्शन घेऊन मुलगा उतरतो. दुखणे ही गुडघ्याने मारलेली हाक आहे. ती बंद केली तरी आतली मोडतोड चालूच राहते. शिवाय अशी औषधे उपाशीपोटी, घामाने अंगातले पाणी गेलेले असताना, वरचेवर घेतली तर जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना अपाय होतो.

दोर तुटला म्हणजे प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. ज्याला शेती, नोकरी, साधे चालणे-फिरणे एवढेच करायचे आहे आणि गुडघा निसटत नाही, त्याचे काम नेटाने केलेल्या व्यायामावर भागू शकते. पुन्हा चढाई करायची असेल तर मात्र बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. दुर्बिणीतून, मांडीच्या मागच्या शिरेचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्याचा तुकडा घेऊन नवा दोर बसवतात. त्यानंतर निदान नऊ महिने मैदान बंद. हा आकडा ऐकून मुले नाराज होतात आणि पाचव्या महिन्यात, दुखत नाही म्हणून, गुपचूप खेळतात. बसवलेल्या तुकड्याला जिवंत होऊन पक्के व्हायला वेळ लागतो, तो आपल्या घाईने कमी होत नाही. नऊ महिने झाले तरी एक परीक्षा आहेच. एका पायावर लांब उडी मारावी. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के आली पाहिजे. मांडीची ताकदही तशीच. तोवर खेळू नये, मग एखाद्याला वर्ष का लागेना.

घरच्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. यांतल्या अनेक मुलांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. तिथे मुलांना १६०० मीटर धावायचे असते, १०० मीटरची वेगळी धाव असते आणि गोळाफेक. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवरच्या अधिकृत स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळते. यात्रेतल्या ढालीवर ते मिळत नाही. एका रात्रीच्या मानधनासाठी दुखरा गुडघा मैदानात नेताना घरी हा हिशेब जरूर मांडावा.

दुखापत टाळता येते का? पूर्णपणे नाही, पण पुष्कळ. जागतिक फुटबॉल संघटनेने ‘११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार केला आहे. नियमित करणाऱ्या फुटबॉल संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेल्या आढळल्या. त्यातले बरेचसे कबड्डीला जसेच्या तसे लागू पडते. आधी सावकाश धावणे, मग एका पायावर तोल सांभाळणे, बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, आणि उडी मारून उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवण्याचा सराव. गुडघे आत झुकू द्यायचे नाहीत, ही त्यातली किल्ली. आपल्याकडे खेळाडू टेम्पोतून उतरतो, दोनदा दंड थोपटतो आणि पहिल्या चढाईला जातो. थंडीच्या रात्री तर हे फारच वाईट.

वजनी गटाबद्दल दोन शब्द. पासष्ट किलोत बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडणे, स्वेटरवर स्वेटर घालून धावणे असले प्रकार चालतात. असा सुकलेला मुलगा वजन देऊन तासाभरात खेळतो, तेव्हा त्याचे स्नायू लवकर थकतात, तोल जातो आणि गुडघा उघडा पडतो. चक्कर आणि पेटके ही तर नेहमीचीच. एक गट वर खेळलेले परवडते.

‘नी-कॅप घातली तर चालेल ना?’ हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. नी-कॅपने ऊब मिळते आणि धीर येतो. तुटलेल्या दोराचे काम ती करत नाही.

ज्यांचे खेळण्याचे दिवस सरले आणि गुडघे आता कुरकुरतात, अशा जुन्या खेळाडूंनीही हात टेकू नयेत. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती गुडघ्याने खाली दाबून पाच आकडे मोजावेत. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वाढलेले वजन पाच किलोने उतरवले तरी फरक कळतो. मांडी घालून फार वेळ बसू नये आणि शक्य असेल तर शौचाला कमोडची सोय करून घ्यावी. गुडघा अचानक अडकून सरळच होईनासा झाला, तर मात्र व्यायाम बंद ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.