डॉक्टरांची चिठ्ठी हिशेबाच्या नजरेने वाचा

सुताचे बिल हाती आले की आपला यंत्रमागधारक ओळ न् ओळ तपासतो. दर, वजन, हमाली, काहीही सुटत नाही. तोच गृहस्थ दवाखान्याची चिठ्ठी मात्र न वाचता मेडिकलवाल्याकडे सरकवतो. भिवंडी-मालेगावच्या कारागिराला मजुरी कामावर मिळते. आजारपणात ती बुडते आणि वरून औषधांचे बिल येते. तेव्हा ही चिठ्ठीही तपासायला हवी.

दवाखान्यात औषधे कशी लिहिली जातात हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्ये काही सोप्या कसोट्या दिल्या. एका रुग्णाला सरासरी किती औषधे? किती जणांना अँटिबायोटिक? किती जणांना इंजेक्शन? किती औषधे मूळ नावाने लिहिली? या कसोट्या कोणालाही आपल्या घरच्या चिठ्ठ्यांना लावता येतील.

सलाइनचेच पाहा. अशक्तपणा आला की बाटली चढवून घेण्याची आपल्याकडे फार हौस. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये असते काय? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या 5 टक्क्यांच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. सतत उलट्या होत असतील, शरीरातले पाणी फार कमी झाले असेल तर ही बाटली जीव वाचवते. पण जो माणूस बसून चहा पिऊ शकतो, त्याने त्यासाठी दिवसाची मजुरी का मोजावी? दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. सुई न टोचता "तीन दिवस आराम करा, पॅरासिटामॉल घ्या" असे सांगणाऱ्या डॉक्टरांची फी आपल्यालाच जड वाटते. साध्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, तरी ते मागून घेणारेही आपणच.

आता किमतीचे गणित. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे यादीतील औषधांना कमाल किंमत असते आणि तीत दुकानदाराचा नफा 16 टक्के धरलेला असतो. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी ठरवते आणि वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. पॅरासिटामॉल यादीत आहे. त्यात आणखी दोन घटक मिसळले की ते मिश्रण बहुधा यादीबाहेर जाते. व्यापाऱ्याला याहून जास्त सांगायला नको.

खरी बचत मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांत आहे, कारण ती रोज घ्यावी लागतात. समजा एका गोळीमागे 3 रुपयांचा फरक पडला आणि दिवसाला दोन गोळ्या आहेत, तर वर्षाचे 2,190 रुपये होतात. जनऔषधी केंद्रांची योजना 2008 पासून आहे. तेथे औषधे मूळ नावाने मिळतात. मात्र पैसे वाचवण्यासाठी गोळ्या बंद करणे किंवा एकाआड एक दिवस घेणे हा घातक सौदा आहे.

चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव असेल तर दुसऱ्या कंपनीचे औषध देण्याची मुभा दुकानदाराला कायद्याने नाही. म्हणून बोलायचे ते डॉक्टरांशीच, आणि चिठ्ठी लिहिली जात असताना. मूळ नाव शक्यतो सुवाच्य, मोठ्या अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या नियमांत 2016 पासून आहे. "डॉक्टरसाहेब, यातले कोणते औषध घेतलेच पाहिजे आणि कोणते नाही घेतले तरी चालेल?" असे अदबीने विचारावे. चांगला डॉक्टर रागावत नाही. पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या असतील तर नाव लिहून मागावेच. सांधेदुखी किंवा दम्याला झटपट आराम देणाऱ्या अशा पुडीत स्टिरॉइड असू शकते, आणि पुढच्या डॉक्टरांना ते कळणे जरुरीचे असते.